झोळ

शनिवारी मला गजर लावावा लागत नाही. मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीत पाणी साडेपाचला चढतं. त्याआधी पाच मिनिटं पाइपात हवा गुरगुरते आणि तेवढ्यानं जाग येते. चहाचं आधण ठेवतो, बाहेरच्या खोलीतला पंखा बारीक करतो, कॉम्प्युटरचं बटण दाबतो. कॅबिनेटमधले पंखे आधी जोरात घरघरतात, मग त्यांचा आवाज खाली येतो. तोवर चहाला उकळी फुटलेली असते. गॅलरीत कावळे सुरू झालेले असतात आणि लांबून एखाद्या लोकलचा भोंगा येतो.

पावणेसहाला माझा मित्र येतो. तो न्यू जर्सीत एडिसनला असतो. तिथं शुक्रवारची रात्र, सव्वाआठ वाजलेले. मुलांची जेवणं आटोपून तो तळघरातल्या टेबलाशी येऊन बसतो. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागं जातात, तेव्हा त्याचे सव्वासातच वाजलेले असतात आणि मुलांची जेवणं मध्ये येतात. मार्चमध्ये पुन्हा जमून जातं. आम्ही दोघं तासभर, फार तर सव्वा तास, 'एज ऑफ एम्पायर्स टू' खेळतो. १९९९ सालचा हा खेळ २०१९मध्ये नव्या रूपात आला तेव्हापासून हा शनिवारचा नेम आहे. मधले काही महिने तो मोडला होता. त्याबद्दल पुढे सांगतो.

एका शनिवारी मुलगी परीक्षेच्या अभ्यासाला लवकर उठली होती. दूध घेऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघून तिनं विचारलं, "बाबा, दोनशे तीस? तुझं नेट बंद पडलंय का?"

तो आकडा पिंगचा. आपला निरोप समोरच्या मशीनपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले २३०. मुलगी जो बंदुकीचा खेळ खेळते त्याचा सर्व्हर मुंबईतच आहे, तिचा आकडा दहा-बाराच्या वर जात नाही. पन्नास झाला तर ती राउटरकडे धावते. तिच्या हिशेबानं २३० म्हणजे खेळणंच अशक्य. "हे चालतं कसं?" असं विचारून ती दूध संपवून निघूनही गेली. मी मात्र त्या प्रश्नापाशी बरेच दिवस थांबलो.

२३० मध्ये काय काय येतं ते मला ठाऊक होतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सरळ मोजलं तर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद प्रकाशालाच लागणार, तिथं कोणाचंच काही चालत नाही. त्यात केबल सरळ रेषेत जात नाही. अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र, फ्रान्सचा किनारा, मग अटलांटिक असा वळसा असतो, नाहीतर उलट्या दिशेनं सिंगापूर आणि प्रशांत महासागर. मुंबईत येणाऱ्या समुद्री केबलींपैकी कित्येक वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. मला याचं लहानपणापासून अप्रूप. आमचं बालपण घाटकोपरचं आणि २०१४ साली पहिली मेट्रो सुरू झाली ती घाटकोपर ते वर्सोवा अशी. एका रविवारी त्या मेट्रोत बसून शेवटच्या स्टेशनला उतरलो, रिक्षा केली आणि वर्सोव्याच्या वाळूत जाऊन उभा राहिलो. बघायला काहीच नव्हतं. होड्या ओढून ठेवलेल्या, बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत टाकलेले, जाळं दुरुस्त करत बसलेले दोन म्हातारे. पायाखालच्या वाळूतून अर्ध्या जगाची बोलणी चालली आहेत आणि वर बोंबलांचा वास सुटलाय, हे मला फार आवडलं. खोल समुद्रात ही केबल बागेला पाणी घालायच्या पाइपाइतकीच जाड असते. आतले काचेचे तंतू केसासारखे.

पण मुलीनं विचारलं होतं ते वेगळं. हे चालतं कसं?

त्यासाठी मला घाटकोपरच्या पंतनगरात जावं लागतं, २००१च्या पावसाळ्यात. म्हाडाची जुनी इमारत. मित्र तिसऱ्या मजल्यावर, आम्ही पहिल्यावर, खिडक्या एकाखाली एक. दोघांच्याही घरी त्या वर्षी असेंबल केलेले पीसी आले होते. इंटरनेट होतं ते फोनच्या तारेतून, मिनिटामिनिटाला बिल चढवणारं, त्यावर खेळायचं नाव काढायची सोय नव्हती. मग आम्ही ठरवलं, खिडकीतून खिडकीला केबल टाकायची. लॅमिंग्टन रोडला जाऊन पंधरा मीटर केबल, दोन लॅन कार्डं, मूठभर जॅक आणि क्रिम्पिंगची पक्कड आणली. दोन कॉम्प्युटर सरळ जोडायचे तर तेव्हा क्रॉस केबल लागायची, म्हणजे एका टोकाला तारांचा क्रम एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरा. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकाला नारिंगीच्या जागी हिरवा, हिरव्याच्या जागी नारिंगी. आठ तारा अंगठ्याखाली सपाट धरायच्या, कडा एका रेषेत कापायच्या, जॅकमध्ये शेवटपर्यंत सरकवायच्या आणि श्वास रोखून पक्कड दाबायची. आमचे पहिले पाच जॅक वाया गेले. सहाव्याला लॅन कार्डावरचा हिरवा दिवा लागला. तो दिवा मला आजही दिसतो.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी केबलवरून उतरत उतरत थेट माझ्या टेबलावर आलं. केबल तिसऱ्या मजल्यावरून ताठ खाली येऊन माझ्या खिडकीत शिरत होती. पाण्याला दुसरी वाट नव्हती. आम्ही जॅकला प्लॅस्टिकची पिशवी बांधली, पिशवीत पाणी साचलं.

मित्राचे बाबा, आमचे काका, टेलिफोनच्या लाइनवर काम करायचे. संध्याकाळी घरी आले, पिशवी बघून त्यांनी चहाही घेतला नाही. खिडकीच्या चौकटीखाली त्यांनी केबल वीतभर सैल सोडली, तिथून पुन्हा वर घेतली आणि खिशातल्या टेलिफोनच्या वायरीचा तुकडा पिळून ती गजाला बांधली. गजाखाली केबलचा एक झोळ लोंबू लागला. "पाणी केबलवरून उतरणारच. त्याला उतरायला खाली जागा द्या, तिथून ते गळून जातं. ताणून बांधलीत की घरात घेतलंत." मग वर जाऊन त्यांच्या खिडकीपाशीही त्यांनी हातभर केबल जास्तीची गुंडाळून ठेवली. हे कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, "ताणलेली तार आधी जोडाशीच तुटते रे. तुटली की पुन्हा जोड करायला लांबी नको?"

त्या पावसाळ्यात मी खिडकीत बसून तो झोळ बघत असायचो. पाण्याचा थेंब केबलवरून घरंगळत यायचा, झोळाच्या तळाशी येऊन फुगायचा, लोंबायचा आणि खाली पडायचा. आत टेबल कोरडं.

आता खेळाचं. 'एज ऑफ एम्पायर्स'चा पहिला भाग १९९७ साली आला. तो बनवणारा एन्सेम्बल स्टुडिओज अमेरिकेत टेक्ससमधल्या डॅलसचा. तिथल्या मार्क टेरानो आणि पॉल बेटनर यांनी २००१ साली या खेळाच्या जोडणीबद्दल एक लेख लिहिला. '१५०० आर्चर्स ऑन अ २८.८' हे त्याचं नाव: पंधराशे तिरंदाज, २८.८च्या मोडेमवर. कॉम्प्युटरबद्दल मी जे काही वाचलंय त्यात इतका आनंद मला थोड्याच लिखाणानं दिला. त्यांच्यापुढचा पेच असा होता: आठ जण खेळणार, प्रत्येकाची माणसं, घोडे, होड्या, आणि मधली तार बारीक, २८.८ किलोबिटची. प्रत्येक शिपाई कुठं उभा आहे, काय करतोय, किती जखमी आहे हे सारखं पाठवत बसलं तर त्या तारेतून अडीचशे शिपायांपलीकडे काही जाणार नव्हतं. म्हणून त्यांनी जग पाठवायचंच सोडून दिलं. प्रत्येक मशीननं अख्खं जग स्वतःच्या घरी चालवायचं. सगळ्यांकडे सुरुवात एकच, योगायोगाचे आकडे ज्यातून निघतात ते बीही एकच. तारेतून जातात फक्त हुकूम: या माणसाला लाकडं तोडायला धाड, त्या घोडेस्वाराला टेकडीपलीकडे. हुकूम सगळ्यांना मिळाला की आठही घरांत तेच झाड त्याच घावाला पडतं.

पण हुकूम सगळ्यांपर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून या खेळात दिलेला हुकूम लगेच पाळलाच जात नाही. वेळेचे टप्पे पाडलेले असतात, साधारण २०० मिलिसेकंदांचे, आणि या टप्प्यात दिलेला हुकूम दोन टप्प्यांनंतर अमलात येतो. तोवर तो सगळीकडे पोचलेला असतो. एखाद्याची तार किंवा मशीन हळू असेल तर टप्पा लांबतो आणि सगळे त्याच्या चालीनं चालतात. नीट बघितलं तर हे दिसतंही. व्हिलेजरला, म्हणजे खेळातल्या कामकरी माणसाला, झाडावर धाडलं की तो तोंडानं ताबडतोब होकार देतो, पाय मात्र पळभरानं हलतात.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत मागे रेललो. पंतनगरात आमच्यामध्ये पंधरा मीटर केबल होती, पिंग १च्या आत. तेव्हाही खेळानं प्रत्येक हुकुमाला थोडी सैल दोरी ठेवलेलीच होती, आम्हाला ती कधी कळली नाही. आज मध्ये तीन समुद्र आणि एक महासागर आहे. खेळ तोच आहे, सैल दोरीही तीच, आणि ते २३० मिलिसेकंद त्या सैलपणात मावतात. काकांनी केबलला दिला तसाच झोळ या लोकांनी वेळेला दिला होता.

त्या लेखातली दुसरी गोष्ट मला याहूनही मोलाची वाटते. त्यांनी खेळणाऱ्यांवर नजर ठेवली. अडीचशे मिलिसेकंदांचा उशीर कोणाच्या लक्षातही येत नव्हता. अडीचशे ते पाचशेपर्यंत लोक मजेत खेळत होते. क्लिक आणि हालचाल यांच्यातलं अंतर माणसाच्या हाताला सवयीचं होतं, हात त्या ठेक्यात बसतो. त्रास व्हायचा तो उशीर कमी-जास्त झाला की. आत्ता ८०, मग ५००, पुन्हा ८०. कायम ५०० परवडले, पण हे नको, असं खेळणाऱ्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी वेग मुद्दाम थोडा कमी ठेवला आणि तो एकसारखा राहील याची काळजी घेतली.

ज्यानं वीस वर्षं उपनगरातून नोकरी केली त्याला हे पटायला लेख लागत नाही. माझी एक स्लो लोकल होती, आठ-सातची. ती रोज आठ-बाराला यायची. आमच्या डब्यातली सगळी माणसं आठ-दहाला जिना उतरायची, आणि ती गाडी उशिरा येते असं कोणाच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पुढे तिचं वेळापत्रक बदललं. कधी दोन मिनिटं उशिरा, कधी पंधरा, क्वचित वेळेवर. सरासरी काढली तर कदाचित ती आधीपेक्षा लवकरच येत असेल. पण महिन्याभरात डब्यातली भजनं बंद पडली. टाळ घेऊन येणारे कोणत्या गाडीला येतील याचा नेम उरला नाही.

मी या वयात खेळ का खेळतो, असं घरात आणि कचेरीत विचारलं जातं, तेव्हा मी या शनिवारांबद्दल सांगतो. आम्ही रोज बोलत नाही. तो निरोपाला चार-चार दिवस उत्तर देत नाही, मीही नाही. पण शनिवारी पावणेसहाला तो तिथं असतो. गेल्या वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ केबली तुटल्या. ६ तारीख, शनिवार, इथं अनंत चतुर्दशी. आमचा खेळ आटोपला होता आणि रस्त्यावर ढोल सुरू झाले होते, त्यानंतरची बातमी. पुढच्या शनिवारी आकडा तीनशेच्या वर गेला होता. निरोप बहुतेक पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूनं फिरून जात होते. पण आकडा हलत नव्हता, तीनशेवर ठाम होता. दहा मिनिटांत आमच्या हातांना त्याची सवय झाली आणि आम्ही तो विसरलो.

आता त्या मोडलेल्या नेमाबद्दल.

मे २०२१ मध्ये काका गेले. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. साथ जोरात होती. अमेरिकेनं त्याच महिन्याच्या ४ तारखेपासून भारतातून येणाऱ्यांवर निर्बंध घातले होते. मित्र आला असता तर परत कधी जाता येईल हे कोणीच सांगू शकत नव्हतं. तिथं बायको होती, चार महिन्यांचं मूल होतं. तो आला नाही. स्मशानात मोजकी माणसं. मी फोन धरून उभा राहिलो, सकाळचे नऊ वाजलेले, त्याच्याकडे रात्रीचे साडेअकरा. मी हळू आवाजात सांगत होतो: आता पाणी फिरवतायत, आता तुझ्या चुलतभावानं हातात घेतलं. पडद्यावर त्याचा चेहरा मला दिसत होता, स्थिर. तो रडत नव्हता, पापणीही हलत नव्हती. मी समजलो, त्यानं स्वतःला दगड करून घेतलंय. थोड्या वेळानं फोन बंद झाला. मी परत लावला नाही. बघवलं नसेल त्याला, असं मला वाटलं.

त्यानंतर आमचे शनिवार विस्कटले. कधी तो यायचा, कधी नाही. आला तरी अर्ध्या तासात, काम आहे, म्हणून जायचा. मीही दोनदा झोपून राहिलो. भांडण झालं नव्हतं, शब्दानं शब्द वाढला नव्हता. प्रत्येक वेळी बोलणं थोडं थोडं चुकत होतं इतकंच.

टेरानो आणि बेटनर यांच्या लेखात एका हरणाची गोष्ट आहे. प्रत्येक मशीन अख्खं जग स्वतः चालवतं, मग दोन जगांत केसाएवढा फरक पडला तर? समजा नकाशा तयार होताना एका घरी एक हरीण किंचित बाजूला उभं राहिलं. कोणाला कळत नाही. ते हरीण थोडं वेगळं चरतं. काही मिनिटांनी त्याच्या मागं गेलेला शिकारी एका घरी जरा वेगळ्या वाटेनं जातो, त्याचा भाला चुकतो, तो मांस न घेता परततो. दुसऱ्या घरी तोच शिकारी मांस घेऊन आलेला असतो. इथून पुढे हुकूम तेच जातात, पण ते दोन वेगळ्या जगांत पाळले जातात. चूक शोधायला बसलं तर ती जिथं दिसते तिथं नसते, खूप मागं, सुरुवातीच्या हरणापाशी असते. जुन्या खेळात असं झालं की 'आउट ऑफ सिंक' अशी पाटी यायची आणि डाव तिथंच संपायचा. माणसांना अशी पाटी येत नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधीचा एक शनिवार. डाव नुकताच सुरू झाला होता. तीन व्हिलेजर, एक घोडेस्वार, चार मेंढ्या. तो अचानक म्हणाला, "एक विचारू? त्या दिवशी तू फोन का कापलास?"

"मी? तू कापलास ना?"

बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. मग तुकड्या-तुकड्यांनी उलगडत गेलं. त्याच्याकडे चित्र सुरुवातीलाच गोठलं होतं. अर्ध्या पडद्यावर माझा अंगठा आणि अर्ध्यावर पांढरी चादर. आवाजही बंद. तो वीस मिनिटं त्या चित्राकडे बघत बसला होता, हलेल म्हणून. माझ्याकडे त्याचा जो स्थिर चेहरा होता तोही गोठलेलाच होता. मी ज्याला सगळं सांगत होतो तिथं कोणी नव्हतं. फोन बंद झाल्यावर त्याला वाटलं, मला आता ते दाखवणं जड झालं आणि मी कापला. मला वाटलं, त्यानं कापला. दोघांनीही समजून घेतलं आणि दोघांनीही विचारलं नाही. पाच महिने मी अशा माणसाशी बोलत होतो ज्यानं आपल्या वडिलांना अग्नी दिलेला पाहिला होता, आणि त्यानं तो पाहिलाच नव्हता.

मग त्या सकाळी मी त्याला पहिल्यापासून सांगितलं. कोण आलं होतं, कोणी काय केलं, ऊन कुठून येत होतं, परतताना कोण कोण किती वेळ कट्ट्यावर बसलं. पडद्यावर आमची माणसं रिकामी उभी होती. एका रानडुकरानं त्याचा एक व्हिलेजर मारला, त्यानं बघितलंही नाही. सव्वासातला माझी मुलगी उठून आली तरी आम्ही बोलतच होतो.

पंतनगरातली ती इमारत आता रिकामी झाली आहे. पुनर्विकासासाठी भोवती पत्रे लागलेत. गेल्या आठवड्यात मी तिथं गेलो. रखवालदाराला सांगितलं, पहिल्या मजल्यावर राहायचो, दहा मिनिटं द्या. घरात काही उरलेलं नाही, दारंसुद्धा काढून नेलीत. खिडकीचा गज मात्र होता आणि गजाला काकांनी पिळलेला वायरीचा तुकडा तसाच. खाली केबलचा झोळ. उन्हानं तिचं वरचं आवरण चरचरून फुटलंय, आतला निळा आणि नारिंगी दिसतो. वरच्या मजल्याकडे जाणारी लांबी कोणीतरी कधीच कापून नेलेली. गजाचा तो भाग गंजून सैल झाला होता. मी तो बांधलेल्या केबलीसकट अलगद सोडवून घेतला, पीळ न उलगडता.

आज पावणेसहाला डाव लावण्याआधी मी तो कॅमेऱ्यासमोर धरला. न्यू जर्सीत सव्वाआठ वाजलेले. मित्र पुढे झुकला. मग हलायचा थांबला. पापणीही हलेना.

"चित्र थांबलंय का रे?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "दिसतंय. बाबांचाच पीळ आहे, ते उजवीकडून घालायचे. जरा खाली घे, झोळ पण बघू दे."